राज्य मागणाऱ्या पक्षाचे गणित

स्वतंत्र विदर्भाची मागणी महाराष्ट्र राज्यापेक्षा वयाने मोठी आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेने वेगळ्या महाविदर्भाचा ठराव १ ऑक्टोबर १९३८ रोजी मंजूर केला. महाराष्ट्र झाला तो १ मे १९६० रोजी. मधल्या काळात, १९५५ मध्ये, फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांचे विदर्भ राज्य करावे अशी स्पष्ट शिफारस केली. त्याच अहवालात तेलंगणाचा भाग आंध्रात लगेच मिसळू नये, हैदराबाद राज्य म्हणून काही वर्षे वेगळा ठेवावा, असेही म्हटले होते. सरकारने दोन्ही शिफारशी बाजूला ठेवल्या. पुढे २ जून २०१४ रोजी तेलंगणाला राज्य मिळाले. विदर्भ होता तिथेच आहे.

एकाच अहवालातल्या दोन शिफारशींचे असे वेगवेगळे का झाले, याची नागपुरात तीन उत्तरे तयार असतात: आमचे नेते फितूर झाले, दिल्लीने फसवले, पश्चिम महाराष्ट्राने पैसा पळवला. मुंबईत चौथे उत्तर मिळते: लोकांनाच नको आहे, नाहीतर विदर्भवाद्यांची अनामत रक्कम कशी जप्त होते? चारही उत्तरांत तथ्य आहे. पण नेते तेलंगणातही फुटले, दिल्लीने तिथेही फसवले, आणि तिथला वेगळ्या राज्याचा पक्षही निवडणुकांत सपाटून हरला. जे दोन्हीकडे घडले त्याने फरक समजत नाही. फरक शोधायचा तर राज्य मागणारा पक्ष हे साधन कसे चालते, त्याला बळ कुठून मिळते आणि ते कुठे गळते, हे पाहावे लागेल.

हे विवेचन नागपुरातून न करता उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या कर्जत मार्गावरच्या तीन शहरांतून करण्याचे कारण आहे. विदर्भाच्या वादात "मुंबई-ठाण्याकडे सगळे जाते" असे म्हणतात, तेव्हा त्यातले "ठाणे" म्हणजे ही शहरे. शिवाय दहा-अकरा किलोमीटर रुळाच्या अंतरात वेगळे होण्याचे तीन निरनिराळे प्रकार इथे घडून गेले आहेत. राज्याच्या पातळीवर जे धूसर दिसते ते नगरपालिकेच्या पातळीवर हाताने चाचपता येते.

मागायचे कोणाकडे

१९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा कल्याण-डोंबिवलीबरोबर अंबरनाथ आणि बदलापूरही तिच्यात घातले गेले. आपला कर कल्याणात जातो आणि आपला रस्ता मात्र तसाच राहतो, ही तक्रार त्यानंतर सुरू झाली. १९९२ मध्ये दोन्ही शहरे बाहेर पडली. अंबरनाथची नगरपालिका आणि कुळगाव-बदलापूरची नगरपालिका वेगळी झाली. नऊ वर्षांत मागणी पुरी! कारण निर्णय करणारे सरकार एक होते, सीमा आधीच ठरलेल्या होत्या, आणि या शहरांना सोडल्याने मंत्रालयातल्या कोणाचीही खुर्ची हलणार नव्हती. कल्याणात नगरसेवकांची काही पदे कमी झाली असतील, पण त्यावरून राज्याचे सरकार पडत नाही.

त्याच महापालिकेत १९८३ मध्ये ओढल्या गेलेल्या २७ गावांची गोष्ट इतकी सरळ नाही. संघर्ष समिती झाली, मोर्चे झाले, २००२ मध्ये गावे बाहेर आली, २०१५ मध्ये पुन्हा आत गेली. २०२० मध्ये त्यांतली १८ गावे वगळण्याची अधिसूचना निघाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण महापालिकेशी कायद्याने सांगितलेला विचारविनिमय सरकारने रीतसर केलेला नव्हता.

आता हे राज्याच्या बाबतीत पाहू. संविधानाच्या अनुच्छेद ३ प्रमाणे नवे राज्य करण्याचा, सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक येते, संबंधित विधानमंडळाकडे मतासाठी जाते, आणि ते मत काहीही आले तरी संसद साध्या बहुमताने कायदा करू शकते. याचा पहिला मोठा निवाडा आपल्याच द्विभाषिक मुंबई राज्यावरून झाला. १९५६ च्या मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन तुकडे होते. विधानसभेने त्यावर मत दिले आणि संसदेने ऐन वेळी सगळे एकत्र करून टाकले. बाबूलाल पराते यांनी त्याला आव्हान दिले. नव्या रचनेवर विधानसभेचे मत पुन्हा घ्यायला हवे होते, हा त्यांचा मुद्दा. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. म्हणजे कल्याणच्या महापालिकेला न विचारता हद्दीतली गावे काढता येत नाहीत, पण अख्खे राज्य विधानसभेच्या इच्छेविरुद्ध दुभंगता येते. मला हे विचित्र वाटते. विदर्भवादी वकील मात्र यावर खूश असतात, कारण मुंबईच्या होकाराची गरजच राहत नाही.

इथेच त्यांची पहिली चूक होते. कायद्याने मुंबईचा होकार लागत नाही, राजकारणाने लागतो. दिल्लीतले बहुमत ज्या खासदारांनी बनते त्यांत महाराष्ट्राचे ४८ असतात आणि विदर्भाचे त्यांतले फक्त १०. अनुच्छेद ३ हे दार उघडेच आहे. दारापर्यंत पोहोचायला जी गर्दी लागते ती दुसऱ्याच्या अंगणातून जमवावी लागते.

अणे, धोटे आणि नंतरचे

भाषावार राज्यासाठी लढून जिंकलेला पक्ष आपल्याकडेही होऊन गेला. संयुक्त महाराष्ट्र समिती फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झाली आणि १९५७ च्या निवडणुकीत तिने मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला हादरवून सोडले. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन अशी एकमेकांशी न पटणारी मंडळी एका मागणीवर एकत्र आली होती. पुढची निवडणूक याच प्रश्नावर झाली तर काँग्रेस पश्चिम महाराष्ट्रात संपेल, हे यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीला पटवले आणि १९६० उजाडले. मागणी पुरी झाल्यावर समिती विरघळली, तेही स्वाभाविकच.

त्या १९५७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे सरकार तगले ते कोणाच्या आमदारांवर? गुजरात, मराठवाडा आणि विदर्भाच्या. गुजरात १९६० मध्ये निघून गेला. विदर्भ मात्र तेव्हापासून मुंबईतल्या सत्तेचा टेकू होऊन बसला, आणि माझ्या मते विदर्भवादी पक्षाच्या अपयशाचे मूळ त्याच वर्षात आहे. ज्या प्रदेशाच्या आमदारांवर राज्याचे सरकार उभे आहे तो प्रदेश कोणता सत्ताधारी पक्ष हातचा घालवेल?

लोकनायक बापूजी अणे १९६२ मध्ये नागपुरातून लोकसभेवर गेले, नागविदर्भ आंदोलन समितीच्या पाठबळावर. ऐंशी ओलांडलेला, टिळकांच्या तालमीतला हा नेता. त्यांच्या शब्दाला दिल्लीत मान होता, पण लोकसभेत मत एक होते. त्याच वर्षी चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, आणि १९६३ पासून सलग अकरा वर्षांहून अधिक काळ पुसदचे वसंतराव नाईक. वेगळे राज्य मागणाऱ्या प्रदेशाला आहे त्या राज्याचे मुख्यमंत्रिपद इतकी वर्षे मिळाल्यावर मागणीची धार बोथट होणारच. यात कट शोधण्याची गरज नाही. नाईकांनी संकरित ज्वारी आणि रोजगार हमी दिली, विदर्भ दिला नाही, आणि विदर्भातल्या मतदाराने त्यांना त्याबद्दल शिक्षा केली नाही.

मग आले जांबुवंतराव धोटे. यवतमाळचा हा पहाडी माणूस, विधानसभेत पेपरवेट भिरकावून आमदारकी घालवून बसलेला, लाखाच्या सभा बघता बघता जमवणारा. १९७१ मध्ये ते फॉरवर्ड ब्लॉकतर्फे नागपुरातून निवडून आले. तो काळ इंदिरा लाटेचा होता, त्यामुळे हा विजय लहान नव्हता. पण १९८० मध्ये तेच धोटे त्याच नागपुरातून इंदिरा काँग्रेसचे खासदार झाले. विदर्भवादी आजही या वळणावर हळहळतात. पुढे त्यांनी विदर्भ जनता काँग्रेस काढली तेव्हा वेळ निघून गेली होती.

नागविदर्भ आंदोलन समिती १९९५ च्या विधानसभेत एका जागेपुरती उरली. बनवारीलाल पुरोहितांनी विदर्भ राज्य पार्टी काढली आणि २००४ मध्ये नागपुरात ते हरले. वामनराव चटप शेतकरी संघटनेतून आलेले, राजुऱ्याचे आमदार राहिलेले. त्यांच्या विदर्भ राज्य आंदोलन समितीने मागणी जिवंत ठेवली, पण संघटनेची मुळे कापूस-सोयाबीनच्या भावात होती, राज्याच्या मागणीत तेवढी नव्हती. बापूजींचे नातू श्रीहरी अणे राज्याचे महाधिवक्ता होते. विदर्भ आणि मराठवाड्याच्या वेगळेपणावर उघड बोलल्यामुळे मार्च २०१६ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि त्यांनी विदर्भ राज्य आघाडी काढली. इतके पक्ष, आणि प्रत्येकाच्या नावात विदर्भ!

या यादीत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. प्रत्येक पक्ष एका माणसाभोवती उभा राहिला, आणि जवळपास प्रत्येक माणूस मोठ्या पक्षातून आलेला किंवा मोठ्या पक्षात गेलेला. तालुक्याची शाखा, बूथवरचा कार्यकर्ता, ग्रामपंचायतीतला सदस्य, असा पक्षाचा हाडामांसाचा सांगाडा कोणीच उभा केला नाही. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत काही वाटायला हाती असावे लागते. विदर्भवादी चळवळ हरताळ, बंद, जनमत चाचणी आणि अधिवेशनकाळातला मोर्चा यांतच रमली. विदर्भाला महाराष्ट्रात घेताना झालेल्या नागपूर करारानुसार दरवर्षी नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन भरते. त्यामुळे आंदोलनालाही डिसेंबरचा मुहूर्त मिळाला आणि जानेवारीत ते थंडावू लागले.

आणखी एक अडचण विदर्भाच्या पोटातच आहे. वऱ्हाड निजामाचा मुलूख, इंग्रजांनी १८५३ मध्ये कारभाराला घेतलेला आणि पुढे मध्यप्रांताला जोडलेला. नागपूर भोसल्यांचे. नागपूरने १९५६ मध्ये राजधानीचा दर्जा गमावला. ते दुःख नागपूरचे होते, अकोल्या-बुलढाण्याचे नव्हते. खामगावच्या व्यापाऱ्याला विचारले तर राजधानी नागपुरात असली काय आणि मुंबईत असली काय, भाव तर बाजार समितीतच ठरतो, असे ऐकायला मिळते. पश्चिम विदर्भाची ही अर्धी उदासीनता कोणत्याही विदर्भवादी पक्षाने मनावर घेतली नाही.

अनुशेष: तक्रारीचा हिशेब झाला

महाराष्ट्राने विदर्भाच्या मागणीला जे सर्वांत हुशार उत्तर दिले ते अनुशेषाचे. १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. रस्ते, सिंचन, शाळा, आरोग्य, वीजजोडण्या, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा जो जिल्हा मागे, त्याला सरासरीपर्यंत आणायला लागणारा पैसा म्हणजे अनुशेष, अशी मोजणीची पद्धत तिने बसवली. एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपये निघाला. विदर्भाचा वाटा १,२४६ कोटी, म्हणजे सुमारे ३९ टक्के. तक्रार खरी असल्याचे सरकारी समितीनेच लिहून दिले.

पण मोजणी होताच मागणीचे स्वरूप बदलले. राज्य द्या, याऐवजी एवढे कोटी द्या, असे भाषण करणे भाग पडले. उर्वरित महाराष्ट्राचाही १,१८९ कोटींचा अनुशेष निघाला होता, त्यामुळे अन्याय एकट्या विदर्भावर झाला असेही म्हणता येईना. अनुच्छेद ३७१(२) खालची वैधानिक विकास मंडळे १९९४ मध्ये आली. राज्यपालांचे निर्देश, निधीवाटपाची सूत्रे, निर्देशांक व अनुशेष समिती, मग विजय केळकरांची समिती, असा कागदांचा डोंगर झाला. या मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. दांडेकर मोठे अर्थशास्त्रज्ञ, त्यांची मोजणी प्रामाणिक होती, हे निःसंशय. तरीही राजकीय परिणाम पाहिला तर एका पक्षाच्या हातातला प्रश्न वित्त विभागाच्या टेबलावर गेला, आणि तिथे आंदोलन करता येत नाही.

तेलंगणाची परीक्षा

आता तुलना. १९७१ मध्ये चेन्ना रेड्डींच्या तेलंगणा प्रजा समितीने तेलंगणातल्या १४ पैकी १० लोकसभा जागा जिंकल्या. धोट्यांच्या एका जागेपुढे हे यश केवढे मोठे! पण इंदिरा गांधींकडे त्या वेळी ३५२ खासदार होते. दहा जागांची त्यांना गरजच नव्हती. समिती त्याच वर्षी काँग्रेसमध्ये विलीन झाली आणि चेन्ना रेड्डी पुढे अखंड आंध्रचे मुख्यमंत्री झाले. धोट्यांना फितूर म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

के. चंद्रशेखर राव यांनी २७ एप्रिल २००१ रोजी तेलंगणा राष्ट्र समिती काढली. २००४ मध्ये तिला लोकसभेच्या पाचच जागा मिळाल्या, पण काँग्रेसकडे १४५ होत्या. दहा जागांना १९७१ मध्ये जे मिळाले नाही ते पाच जागांना २००४ मध्ये मिळाले: केंद्रात मंत्रिपद आणि आघाडीच्या किमान समान कार्यक्रमात तेलंगणाचा उल्लेख. यावरून पहिला निष्कर्ष निघतो. पक्षाचे बळ त्याच्या जागांच्या संख्येत नसते. दुसऱ्याच्या बहुमतात किती जागा कमी पडतात त्यात असते.

मात्र हा निष्कर्ष पुरेसा नाही, आणि तो तसाच ठेवला तर दिशाभूल होईल. २००८ मध्ये समितीने १६ आमदारांचे आणि चार खासदारांचे राजीनामे देऊन पोटनिवडणुका ओढवून घेतल्या आणि त्यांत केवळ सात आमदार नि दोन खासदार परत आणले. २००९ मध्ये तिचे दहा आमदार उरले. मुंबईतला कोणीही सांगेल, संपला हा पक्ष. त्याच वर्षी २ सप्टेंबरला वाय. एस. राजशेखर रेड्डी हेलिकॉप्टर अपघातात गेले, काँग्रेसचा आंध्रातला आधार तुटला, नोव्हेंबरच्या अखेरीस राव उपोषणाला बसले, उस्मानिया विद्यापीठ पेटले, आणि ९ डिसेंबरच्या रात्री गृहमंत्री चिदंबरम यांनी राज्यनिर्मितीची प्रक्रिया सुरू करण्याची घोषणा केली. त्यातून माघार, प्रश्नाच्या अभ्यासासाठी श्रीकृष्ण समिती, आणखी आंदोलने, आणि चार वर्षांनी कायदा. या चार वर्षांत राजशेखर रेड्डींच्या मुलाने वेगळा पक्ष काढून किनारपट्टीवरची काँग्रेस रिकामी केली होती. तिकडचे हातचे गेलेच आहे, निदान तेलंगणा तरी मिळवू, असा हिशेब काँग्रेसने केला. तो फसलाच: २०१४ मध्ये तेलंगणा राष्ट्र समितीने ११९ पैकी ६३ जागा घेतल्या आणि उरलेल्या आंध्रात, म्हणजे सीमांध्रात, काँग्रेसला भोपळा मिळाला.

राज्य फोडायला तयार झालेल्या पक्षाला एकत्र राज्य ठेवून काहीच मिळणार नव्हते, हा यातला निर्णायक घटक. महाराष्ट्रात याच्या उलट घडत आले. भाजपने १९९७ मध्ये भुवनेश्वरला विदर्भाच्या बाजूने ठराव केला. २००० मध्ये वाजपेयी सरकारने छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड ही तीन राज्ये केली, विदर्भ वगळून. कारण शिवसेनेचे १५ खासदार आघाडीत होते आणि विदर्भवाद्यांचा एकही नव्हता. २०१४ मध्ये ही अडचणही उरली नाही. भाजपकडे दिल्लीत स्वतःचे बहुमत होते आणि विदर्भात ६२ पैकी ४४ आमदार आले. विदर्भवाद्यांना वाटले, आता तरी. पण त्या ४४ जागा काढून टाकल्या तर भाजपचे राज्यातले बळ १२२ वरून ७८ वर येते, आणि मग मुंबई-पुण्याचे सरकार कोण चालवणार? नागपूरचे देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले ते या ४४ मुळे. मोठा पक्ष विदर्भात जितका भक्कम होतो तितके त्याला विदर्भ वेगळा करणे महाग पडते. १९५७ ची काँग्रेस आणि २०१४ चा भाजप यांच्या विचारांत कितीही अंतर असो, या बाबतीत दोघे एकाच जागी उभे आहेत.

उत्तराखंड क्रांती दलाचेही एका वाक्यात सांगायला हवे: १९७९ पासून राज्यासाठी झगडला, राज्य दुसऱ्याने दिले, आणि २००२ च्या पहिल्या निवडणुकीत त्याला ७० पैकी चार जागा मिळाल्या.

ज्यांना प्रदेशच नाही

उल्हासनगर या सगळ्या चर्चेच्या बाहेरचे वाटते, पण तेच सिद्धान्ताची खरी कसोटी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. अजूनही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर चार असेच सांगतात. भाषावार प्रांतरचनेत प्रत्येक मोठ्या भाषेला जमीन मिळाली. सिंधीची जमीन सीमेपलीकडे राहिली. जो समाज देशभर विखुरलेला आहे त्याला अनुच्छेद ३ चा काही उपयोग नाही. १९६७ मध्ये २१ व्या घटनादुरुस्तीने सिंधीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, ते राज्याशिवाय.

तरीही या शहराने सरकारकडून जे वसूल केले ते पुष्कळ राज्यांना जमलेले नाही. चिमुकल्या भूखंडांवर मजले चढत गेले, न्यायालयाने बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या, आणि राज्य विधिमंडळाने २००६ मध्ये एकट्या उल्हासनगर शहरातली अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. एका शहरासाठी एक कायदा! त्याने सगळे प्रश्न सुटले नाहीत, इमारतींचे स्लॅब कोसळतच आहेत. पण मतांची एकगठ्ठा वस्ती आणि अटीतटीची लढत एकत्र आली की काय होते ते यातून दिसते. महापालिकेतही हेच: २०१७ मध्ये भाजपला सत्तेसाठी स्थानिक साई पक्षाचा हात धरावा लागला. राज्यभर ज्याचे नाव कोणी ऐकले नाही असा पक्ष, पण उंबरठ्यावर नेमका तोच उभा. २००४ ची तेलंगणा राष्ट्र समिती आणि २०१७ चा साई पक्ष यांची ध्येये जुळणार नाहीत. यंत्रणा तीच आहे.

वेगळे झाल्यावर काय उरते

अंबरनाथ आणि बदलापूरने १९९२ मध्ये नगरपालिका मिळवली. पाणी मात्र महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या योजनेचे, उल्हास नदीवरच्या बदलापूरच्या बंधाऱ्यातून. नळाला पाणी आले नाही की नगरसेवक प्राधिकरणाकडे बोट दाखवतो आणि प्राधिकरणाचा अभियंता वाढलेल्या इमारतींकडे. उल्हासनगरचा तर स्वतःचा जलस्रोतच नाही. पाणी एमआयडीसीचे, आणि थकबाकीवरून कुरबुर कायमची. वालधुनी नदी अंबरनाथच्या डोंगरात उगम पावते, उल्हासनगरमधून काळीनिळी होत कल्याणला जाते. तीन स्थानिक संस्था आणि एक औद्योगिक महामंडळ असल्यामुळे तिच्या घाणीचा बाप कोणीच होत नाही. वेगळेपणाने कारभार जवळ आला हे खरे, पण जे सामाईक होते त्याला वाली उरला नाही.

विदर्भाबाबत हाच प्रश्न विजेच्या रूपाने उभा आहे, आणि तो थेट आपल्या दारात येतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राजवळून निघून भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला पोहोचणारी उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ पासून चालू आहे: लांबी ७५२ किलोमीटर, क्षमता १,५०० मेगावॅट, दाब ५०० किलोव्होल्ट. चंद्रपूरच्या टोकाला प्रत्यावर्ती विजेची एकदिश वीज केली जाते, पडघ्याला तिचे पुन्हा प्रत्यावर्ती रूप होते, आणि तिथून ती मुंबई-ठाण्याच्या जाळ्यात शिरते. अशा वाहिनीतून वाटेत वीज उतरवता येत नाही. मधल्या कोणत्याही गावाला फक्त मनोरे दिसतात. कोळसा, राख आणि उन्हाळ्यातला धूर चंद्रपूरला, आणि वीज कल्याणच्या वेशीवर. विदर्भवादी भाषणांतला हा मुद्दा अतिशयोक्त नाही.

पण वेगळे राज्य झाल्यावर ती वीज विदर्भात राहील का? आंध्राच्या विभाजनात वीजकेंद्रे जिथे होती त्या राज्याला गेली, मात्र त्यांतली वीज मागील वापराच्या प्रमाणात वाटायचे ठरले: तेलंगणाला ५३.८९ टक्के, आंध्राला ४६.११. त्यावरून भांडणे झाली ती झालीच. हेच सूत्र इथे लावले तर केंद्र चंद्रपूरचे राहील आणि विजेचा मोठा हिस्सा मागील वापरामुळे पश्चिमेकडेच येत राहील, निदान करार संपेपर्यंत. विदर्भवादी पक्षांनी वीज शुल्क, कोळशाची रॉयल्टी, वीजखरेदी करार आणि राखेच्या नुकसानभरपाईचा मसुदा आतापासून मांडला असता तर चंद्रपूरच्या मतदारापुढे ठोस काही ठेवता आले असते. नकाशा सगळ्यांनी छापला. हा मसुदा घेऊन गावोगाव जाणारा पक्ष दिसला नाही.

काळही त्यांच्या बाजूने नाही. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत विधानसभेच्या एकूण जागा २८८ च राहिल्या, पण विदर्भाच्या ६६ वरून ६२ झाल्या, लोकसभेच्या ११ वरून १०. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या विधानसभा जागा १३ होत्या, त्या २४ झाल्या. बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये लाखाच्या आत होती, २०११ मध्ये पावणेदोन लाख. त्यानंतर वाढलेले मनोरे रेल्वेतून दिसतात. या नव्या घरांत अकोला, अमरावती, यवतमाळहून आलेली कुटुंबेही आहेत, दिवाळीला कल्याणहून विदर्भ एक्स्प्रेस पकडणारी. त्यांना विदर्भाबद्दल विचारले तर बहुतेक जण व्हायला पाहिजे म्हणतील. पण त्यांचे मत आता मुरबाड विधानसभेत पडते, आणि जागांची पुढची वाटणी नव्या जनगणनेच्या आकड्यांवर होईल तेव्हा ही माणसे ठाण्याच्या बाजूला मोजली जातील.